काळजानं दाखवलेलं पाणी

"साहेब, मी सांगेन ते तुम्हाला खरं वाटायचं नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही, आणि तुम्ही तर शिकलेले. पण वहीत लिहायचंच असेल तर लिहा, ही बोअर माझ्या काळजानं दाखवलीय."

भूजल खात्याचे ते तरुण साहेब आमच्या माळावरच्या बोअरमध्ये टेप सोडून पाण्याची पातळी मोजत होते. ऐन वैशाखात पाणी अपेक्षेपेक्षा बरंच वर निघालं म्हणून त्यांनी टेप पुसला, पुन्हा सोडला, पुन्हा तेवढंच भरलं. मग त्यांनी विचारलं, "हा पॉइंट कुणी दिला होता?" आणि भोवतीच्या सगळ्यांनी एकदमच माझ्याकडं बोट केलं.

मी बाभळीच्या सावलीत काठी आडवी टाकून बसलो होतो. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस आणखी काय करणार? शेजारी दऱ्याप्पा होता, त्या काळचा आमचा सरपंच. पलीकडं दगडावर मालन, आरोग्य खात्याची आमची आशाताई, मांडीवर रजिस्टर घेऊन घोटभर पाणी प्यायला टेकली होती.

"काळजानं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

मी सदऱ्याची दोन बटणं काढली आणि डाव्या खांद्याखालचा फुगवटा दाखवला. "ह्यात बॅटरी आहे. मधे एकदा बदललीसुद्धा. बसा की."

साहेबांनी टेप गुंडाळायचा थांबवला आणि ते बसले. हातातलं काम टाकून कुणी माझ्यासमोर बसलं की मला राहवत नाही.

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी कासार. चाळीस वर्षं सायकलीला पेटी बांधून मी जत भागातल्या तीस-बत्तीस गावांत बांगड्या भरल्या. बांगडी भरणं दिसतं तेवढं सोपं नसतं. अंगठ्याखालची गादी दाबून, मूठ निमुळती करून काच सरकवावी लागते, आणि बाईनं भीतीनं हात आखडला की काच गेलीच. म्हणून मी थापा मारायला शिकलो. थाप ऐकली की बाईचं तोंड उघडतं, तोंड उघडलं की मूठ सैल पडते, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर जाते. साध्या हाताला कोळ्याच्या विहिरीतली मासोळी नथ घालते एवढी थाप पुरायची. हात फारच भरलेला असला तर माझ्या आजोबानं वाघाला डाळिंब सोलून दिल्याची लांबलचक हकिकत काढावी लागायची. बायका म्हणायच्या, आप्पाची बांगडी दुखत नाही. तेही खरं आणि आप्पाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो हेही तीस गावांतल्या पोरासोरांना ठाऊक होतं.

त्या वर्षी होळीच्या आधीच्या बाजारात एका नव्या नवरीचा हात माझ्या हातात होता. हिरवा चुडा भरत होतो. मी वाघ आणि डाळिंबावर आलो होतो. "आणि मग वाघ म्हणाला..." एवढं बोललो आणि तसाच पेटीवर पालथा झालो.

शुद्धीवर आलो तर ती पोरगी हसून हसून बेजार. तिच्या आईनं माझ्या पाठीत चापट मारली. "पुरं आता सोंग, आप्पा. पुढं सांगा की, वाघ काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा पडलो. ओठ निळे पडले तेव्हा कुठं कुणीतरी जीप बघायला पळालं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळीज मिनिटाला चौतीसच ठोके देतंय, ढकलणारं कुणीतरी पाहिजे. खांद्याखाली पेसमेकर बसवला. माझा मुलगा विरूपाक्ष बेंगळुरूहून आला, आठ दिवस राहिला. मला घरी आणून सोडलं, गोळ्यांच्या पाकिटांवर पेनानं सकाळ-संध्याकाळ लिहिलं, आणि गेला. त्याची नोकरी होती, पोरांच्या परीक्षा होत्या. माझी बायको गौरव्वा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही, सायकल तर नाहीच.

पहिला आठवडा झकास गेला. गाव बघायला यायचं आणि मी एकेकाला एकेक सांगायचो. ह्या डबीवर विजापूरचं रेडिओ स्टेशन लागतं. मी पंपाजवळ उभा राहिलो की मोटर आपोआप सुरू होते. परवा मांजर छातीवर झोपलं तर त्याच्या मिशा ताठ झाल्या. लोक हसले, चहा प्याले, आणि सगळ्यांचं बघून झाल्यावर यायचे थांबले.

आणि मग ठोके चुकायला लागले.

कसं सांगू तुम्हाला? धक् धक् धक् नीट चाललंय, आणि मधेच काही नाही. अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. मग एकदम धाड् करून एक दणका, गळ्यापर्यंत. मी डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. म्हणाला, "आप्पा, यंत्र हळू चालणाऱ्याला ढकलतं. मधेच उडी मारणाऱ्याला ते आवरू शकत नाही. असे जादा ठोके पडतात पुष्कळांना. लिहून दिलेली गोळी चुकवू नका, आणि सारखे मोजत बसू नका. चक्कर आली तर मात्र लगेच या."

मोजत बसू नका म्हणे. दुपारी दोन ते पाच आमच्या गावात दुसरं काय करायला होतं? तो दुष्काळाचा उन्हाळा. धडधाकट माणसं रोजगार हमीच्या कामावर गेलेली, बायका टँकरच्या रांगेत, पोरं त्यांच्याबरोबर हंडे राखायला. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. वरचे पत्रे उन्हानं टणटण करायचे. मी भिंतीला टेकून उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवायचो. चाळीस वर्षं दुसऱ्याची मनगटं धरली, स्वतःचं धरताना कसंसंच व्हायचं. बत्तीस, तेहेतीस, चौतीस, आणि मग ती नसलेली पायरी.  उठून पाणी प्यायचो. बसायचो. पुन्हा मोजायचो.

मन रमावं म्हणून मी पेटी उघडून उरलेल्या बांगड्या मापाप्रमाणं लावायला घेतल्या. सव्वादोनच्या इकडं, अडीचच्या तिकडं. तर बांगड्यांची मोजणी आणि ठोक्यांची मोजणी एकमेकींत मिसळायला लागली. बांगडी हातात घेतली आणि ठोका चुकला की ती बांगडी कुठल्या ढिगात ठेवावी हेच कळेना. एकदा डझनभर बांगड्या नुसत्या मांडीवर घेऊन तासभर बसलो. साहेब, त्या तासाभरात गल्लीतून एक माणूस गेला असता तर मी त्याला हाक मारली असती. तो कुणीही असता तरी चाललं असतं.

शेवटी एक दिवस डेअरीच्या कट्ट्यावर गेलो आणि सरळ बोललो, "माझं काळीज मधेमधे थांबतंय. मला भ्या वाटतंय."

 मग दऱ्याप्पा म्हणाला, "विजापूर स्टेशनावरच्या बातम्या लागल्या असतील, आप्पा. तेवढ्यापुरतं गप ऱ्हातंय ते."

असे हसले सगळे, की एकाची दुधाची किटली कलंडली. मीही हसलो. करता काय?

"मी म्हणालो हुतो असं?" इथं दऱ्याप्पानं मधेच तोंड घातलं.

"म्हणाला होतास."

"आठवत न्हाई बाबा."

"तुला कसं आठवेल? थांबलं होतं माझं."

विरूपाक्षला फोनवर सांगितलं. त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? मशीन ठीक आहे ना? मग झालं तर." पोरगा वाईट नाही. पण त्याच्याही लहानपणी मी वाघ आणि डाळिंबच सांगितलं होतं.

मालन तेव्हा नवीनच आशा झाली होती. गुरुवारी आमच्या गल्लीत तिची फेरी असायची. दारात उभी राहून म्हणाली, "आप्पा, ताप, खोकला, काय न्हाई न्हवं?"

"ताप नाही. हात धर माझा आणि मोज."

"मला पुढं माळावर जायचं हाय, तिकडं एक बाळंतीण हाय."

"मिनिटभर मोज गं पोरी."

तिनं उंबऱ्यात बसून मनगट धरलं, मोबाइलमधल्या घड्याळाकडं बघत ओठ हलवत मोजलं. "बहात्तर. एकदम नीट."

"पुन्हा मोज."

"बहात्तर, आप्पा. तुमचं माझ्यापेक्षा ब्येस चाललंय."

ती उठून चार घरं पुढं गेली नाही तोच चुकला. मी चप्पल घातली आणि तिच्या मागं निघालो. ती म्हणाली, "अवो, उन्हाचं कुठं?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." ते खोटं नव्हतं, सावलीत चालायला सांगितलं होतं इतकंच.

माळाची वाट दीड मैलाची. तरवडाची झुडपं आणि दगड, बाकी काही नाही. अर्ध्यावर मी थांबलो. दम लागला होता. तिनं चटकन मनगट धरलं. तोंड उतरलं पोरीचं. "चुकला का आप्पा?"

चुकला नव्हता. पण तिचं तोंड बघून मला वाटलं, हो म्हणालो तर ही मला जीपमध्ये घालून मिरजेला धाडेल, नाही म्हणालो तर घरी परत पाठवेल. मग माझा नेहमीचा रस्ता धरला.

"चुकला," मी म्हणालो, "पण काळजी नको. ह्याच्या खाली पाणी असणार. पाण्यावर उभा राहिलो की ह्या यंत्राला गार लागतं, म्हणून ते आखडतं."

मालन इतकी हसली, की तिच्या खांद्यावरची पिशवी घसरली. पुढची वाट मजेत गेली.

तिनं ही गोष्ट टँकरच्या रांगेत हसत हसत सांगितली. पण चार चार तास उन्हात उभ्या असलेल्या बायकांना कुठलं हसू? त्या उन्हाळ्यात गावानं दोन बोअर मारल्या होत्या, दोन्हीतून नुसता फुफाटा उडाला होता. आता पंचायतीला एकच बोअर मंजूर होती. बोअरची गाडी तमिळ मुलखातून आलेली, शेजारच्या गावांतलं काम संपवून ती आमच्याकडं एक दिवस थांबणार, एक भोक पाडणार आणि निघून जाणार. ते कोरडं गेलं तर पावसापर्यंत टँकर, आणि टँकरही आठवड्यातून दोनदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात दहा-बारा माणसं आली. दऱ्याप्पा पुढं.

"आप्पा, मालन म्हणती ते खरं हाय का?"

"काय म्हणते?"

"पाण्यावर तुमचा ठोका चुकतोय म्हणून."

"अरे, ती थाप होती."

दऱ्याप्पानं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. "ऐकलं का? थाप हुती म्हणत्यात. ह्या माणसानं जन्मात कधी थाप कबूल केलीय का?"

"कधीच न्हाई," मागून एक म्हातारी बोलली.

"मग आजच का करत्यात? म्हणजे खरं हाय. लपवायलेत."

"अरे बाबांनो, शपथ..."

"बघा, शपथबी घ्यायलेत!"

दुपारचे अडीच वाजले होते, साहेब. माझ्या घरात बारा माणसं उभी होती. कुणी माठातलं पाणी पीत होतं, कुणी पेटीतल्या बांगड्या हाताळत होतं. एक म्हातारी गौरव्वाच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसत होती. मी तोंड मिटलं.

पुढचे दहा दिवस मी गावाचा पाहुणा झालो. रोज उन्हं कलली, की वरात निघायची. पुढं मी, माझं मनगट धरून कुणीतरी, आणि मागं गाव. मनगट धरायला भांडणं व्हायची. इकडच्या घरून भाकरी, तिकडच्या घरून आंबील. मी चालायचो, थांबायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "अजून नाही." गाव सुस्कारा सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिवारात न्यायचं. वाघ आणि डाळिंबाची हकिकत मी त्या दहा दिवसांत नऊ वेळा सांगितली, आणि दर वेळी वाघ वेगळं काहीतरी म्हणाला.

आणि त्या दहा दिवसांत एकही ठोका चुकला नाही.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हबकलोच. एकटा बसलो की चुकायचा, माणसं असली की घड्याळासारखा. मी यंत्राला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता पाहिजे तेव्हा चुकत नाहीस होय? म्हणून मी गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी चुकायचं थांबत असेल तर गोळ्याच नकोत, असा माझा हिशोब.

दहाव्या दिवशी मालन आली. फळीवरचं पाकीट उचलून तिनं उलटंसुलटं करून बघितलं. "आप्पा, ह्या चार दिवसांच्या गोळ्या का हाईत हितं?"

"राहिल्या."

"राहिल्या न्हाईत. ठेवल्या तुम्ही." तिनं दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "पाणी-बिणी काय कळत न्हाई न्हवं तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगा की त्यास्नी! गाडी परवा यायची हाय. एकच भोक हाय, आप्पा. माळावरच्या बायका माझ्या डोळ्यादेखत डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन जात्यात, एकीचा तर सातवा चाललाय."

"सांगतो."

"आजच सांगा."

"उद्या सांगतो. शेवटची फेरी होऊ दे."

तिनं पाकिटातली एक गोळी फोडली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

"गिळली का मग?" साहेबांनी विचारलं. त्यांची वही अजून कोरीच होती.

"गिळली. तिच्यापुढं माझं काही चालत नाही."

मालन दगडावर बसून रजिस्टरचा कोपरा दुमडत होती. 

अकराव्या दिवशी गाडी एक दिवस आधीच आली. सकाळी आठला गावात धुरळा उडवत शिरली, ड्रायव्हर हातवारे करून घाई करायला लागला. दऱ्याप्पानं खुणेच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं उचललं. "चला आप्पा. आज दाखवायचंच."

"आज मनगट मालन धरणार," मी म्हणालो. "बाकीच्यांची बोटं चुकतात."

आम्ही माळाकडं निघालो. पुढं मी आणि मालन, तिची तीन बोटं माझ्या मनगटावर. मागं पन्नास पावलांवर अख्खं गाव, कारण मी बजावलं होतं, जवळ आलात तर यंत्राला तुमचेच ठोके ऐकू येतात. गावाच्या मागं ती गाडी घरघरत.  

"सांगणार न्हवं?" मालन पुढं बघत पुटपुटली.

"सांगतो."

"कवा?"

"त्या तरवडापाशी."

तरवड आला आणि गेला. माझ्या पायांनी थांबायला नकार दिला. मागून एका पोराचं रडणं आणि आईनं त्याला गप्प करणं ऐकू आलं. मी ठरवलं, आता वळायचं आणि हात जोडायचे. म्हणायचं, मी म्हातारा खोटारडा आहे. तुम्ही ह्या गाडीला कुठंतरी शहाण्या माणसाच्या सांगण्यावरनं भोक पाडायला लावा आणि मला माझ्या घरी जाऊ द्या.

आणि साहेब, तुम्हाला पटायचं नाही, पण इथंच, तुम्ही टेप सोडला त्याच जागेवर, ठोका चुकला.

आयुष्यभर खोटं बोललो आणि त्या एका क्षणी माझंच खोटं खरं होऊन माझ्या छातीत उभं राहिलं! धक् धक् धक्, आणि मग काही नाही. एक नाही, दोन नाही, तीन ठोके गेले. खांद्याखालची डबी बर्फासारखी गार पडली. डावा हात दीड महिना वर न्यायचा नाही म्हणून बजावलेला, तो आपोआप वर उठला. पायाखालून गार शिरशिरी चढली ती थेट टाळूपर्यंत. मालन हबकून बघत राहिली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसता उभा. गावानं मला उभा बघितला आणि दऱ्याप्पा घमेलं घेऊन धावत आला.

फक्की पडली. गाडीनं पाय रोवले. शंभर फुटांवर फुफाटा. दोनशे फुटांवर फुफाटा. तीनशेवर तो ड्रायव्हर मान हलवायला लागला. बायका पदर तोंडावर धरून खाली बसल्या. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि बघितलं तर जळतं बघत होतं. मी धुरळ्यात उभा होतो. सगळं पांढरं झालं होतं, मीसुद्धा. तीनशे वीस. तीनशे चाळीस. मग आवाज बदलला. धुरळा ओला झाला, चिखलाचे शिंतोडे उडाले, आणि एकदम, साहेब, वीस फूट उंच पाणी! ड्रायव्हर त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला, ते आम्हा सगळ्यांना कळलं. बायकांनी मला त्या पाण्याखाली ओढलं. टाक्यांची जागा अजून ओलावू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण?

तेव्हापासून ही बोअर आटलेली नाही. गावात एकदा लग्नाला आलेली एक पाहुणी तर म्हणाली, ह्या पाण्याला कान लावला की ठोके ऐकू येतात.

साहेब हसले. पण त्यांच्या डोळ्यांत ते आलंच होतं, तोंड उघडल्यासारखं, मूठ सैल पडल्यासारखं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे नोंद काय करू? पॉइंट कुणी दिला?"

"लिहा," मी म्हणालो, "सिद्राम कासार. पद्धत, काळजाचा ठोका. साक्षीदार म्हणून हिचं नाव लिहा, मनगट हिच्याच हातात होतं."

दऱ्याप्पानं मान डोलावली. "मी स्वतः फक्की टाकली, साहेब. डोळ्यांनी बघितलंय ह्यांना थांबलेलं."

साहेब लिहायला लागले. मालननं रजिस्टर मिटलं आणि दगडावर ठेवलं.

"खोटं हाय," ती म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं. "काय खोटं?"

"ठोक्याचं. माझी तीन बोटं हुती ह्यांच्या मनगटावर. गावातनं निघाल्यापासनं हितवर मी मोजत आले. एकबी चुकला न्हाई." ती साहेबांशी बोलत होती, पण बघत माझ्याकडं होती. "आप्पा, बारा वर्षं ऐकती मी ही गोष्ट, दर वेळी एक ठोका वाढतोय. आज सरकारी वहीत चाललीय म्हणून बोलती. तुमचा हात वर गेला न्हाई, डबी गार पडली न्हाई. तुम्ही थांबला ते मला इचारायला. म्हणाला, 'मालन, आज बोअर कोरडी गेली की उद्यापासनं माझ्याकडं कुणी यायचं न्हाई. तू तरी दुपारची येशील का?' आणि मी 'येईन' म्हणूस्तवर मागच्यांनी फक्की टाकलीबी."